ओवीची वार

खडकझऱ्याच्या शेटे प्रसूतिगृहात कचऱ्याला जो मान होता, तो कित्येक घरांत जावयालाही मिळत नसेल. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशा चार बादल्या भिंतीशी ओळीनं मांडलेल्या. रक्तामांसाचं ते पिवळीत, नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया पांढरीत, काचा निळीत. एखाद्या नव्या आयाबाईनं हातमोजे चुकून पिवळ्या बादलीत टाकले, तर डॉक्टर नीलांबरी शेटे स्वतः चिमट्यानं ते उचलून लालमध्ये टाकत आणि तिच्याकडं अशा काही बघत, की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असं तिला वाटे.

हे वेड उगाच लागलं नव्हतं. दवाखाना नवा होता तेव्हा कचरा वेचणारी एक बाई त्यांच्याकडं आली होती. तिच्या तळहातात कुठल्याशा दवाखान्याची सुई मोडून बसली होती. सुई काढली, पण पुढं ती बाई काविळीनं गेली. ती सुई आपल्या दवाखान्यातली नव्हती, एवढ्यावर नीलांबरीबाईंचं समाधान झालं नाही. आपण टाकलेलं कुणाच्या तरी अंगात घुसतं, हे त्यांनी कायमचं मनाशी बांधलं.

म्हणून सरकारनं वैद्यकीय कचऱ्याचे नियम आवळले तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी कुरकुर केली, बाईंनी केली नाही. नियम साधा होता. प्रत्येक बाळंतपणामागं एक वार असते. वार म्हणजे बाळाच्या पाठोपाठ पडणारा मांसाचा तो गोळा, जो नऊ महिने बाळाला रक्त पुरवतो. ती पिवळ्या पिशवीत घालायची. पिशवीचं तोंड दाबलं की मोहोर बसते. पिशवी काट्यावर ठेवली की मोहोरेतली चिप वजन टिपते, जन्माच्या नोंदीशी ताडून बघते आणि राज्याच्या कचरा मंडळाला कळवते. संध्याकाळी कायाधार कंपनीचं ड्रोन येऊन पिशवी उचलून नेतं, आणि ती तशीच्या तशी, न उघडता, भट्टीत जाते.

गावातल्या बाया त्या ड्रोनला घार म्हणत. मांस उचलून नेतं ते आणखी काय असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाई हसत आणि सांगत, की अगं, ही घार आहे म्हणून उकिरड्यावर कुत्री नाहीत.

त्या दिवशी आत समृद्धी मासाळ कळा देत होती आणि बाहेर तिची सासू सारिका, कडेवर चार वर्षांच्या नातीला, ओवीला, घेऊन, बाईंची वाट अडवून उभी होती. मासाळवस्तीवरचं हे धनगराचं घर. सारिकाचा मुलगा इथल्याच खाटेवर जन्मला होता, आणि ओवीसुद्धा. त्यामुळं सारिका बाईंशी बोलताना आढेवेढे घेत नसे.

"बाई, येक मागनं हाय. ह्या खेपंची वार मला द्या."

"सारिका, तुला नियम माहीत आहे."

"म्हाईत हाय की. ओवीच्या येळंला बी तुमी हेच म्हनला. सरकारी नेम हाय, वार जाळाय लागती. म्या गप ऱ्हायले. आमच्यात न्हाणीपशी वार पुरत्यात, हळद-कुंकू घालत्यात, वर धोंडा ठेवत्यात. बाळतिनीचं पानी त्यावर पडतं. तुमी ती जाळली. वार जाळली, आन् पोर भाजली."

"अगं, छपरावरच्या सौर टाकीचं पाणी उकळतं होतं. पोरीनं नळ सोडला. त्याचा वारेशी काय संबंध?"

"टाकी समद्यांच्याच छपरावर हाय, बाई. माझीच पोर का भाजली?"

ह्या प्रश्नाला कुठल्याही विद्यापीठात उत्तर शिकवत नाहीत. बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या, कारण ओवीनं त्यांच्याकडं बघितलं. बघितलं म्हणजे तिनं अख्खं अंग वळवलं. हनुवटीपासून छातीपर्यंत भाजलेली कातडी आवळून आली होती, मान वळतच नव्हती. पोर वाढत होती आणि ते कातडं वाढत नव्हतं. दरवर्षी तिची हनुवटी थोडी आणखी खाली ओढली जात होती.

यावर उपाय नव्हता असं नाही, आणि राग येण्यासारखी गोष्ट तीच होती. कायाधार कंपनी पिशव्या जाळण्याखेरीज आणखी एक धंदा करत होती. तिची कायापट्टी देशभर नावाजलेली होती. त्यामागचं विज्ञान तसं समजायला सोपं आहे. परक्याची कातडी आपल्या अंगावर टिकत नाही. शरीराचे पहारेकरी ती ओळखतात आणि हाकलून लावतात. पण आईच्या पोटात नऊ महिने बाळ असतं, ते अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकंच. तरी आईचं शरीर त्याला हाकलत नाही, कारण मध्ये वार असते. वारेच्या पेशी पहारेकऱ्यांना अशी काही खूण दाखवतात, की ते हत्यार खाली ठेवतात. शास्त्रज्ञांनी ती खूण ओळखली, त्या पेशी वाढवल्या आणि त्यांची पातळ कातडी विणली. ती कुणाच्याही जखमेवर लावली तरी धरते.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. वार आईच्या पोटात असली तरी ती आईची नसते, बाळाची असते. ज्या अंड्यातून बाळ घडतं त्यातूनच ती घडते. म्हणून एखाद्या मुलाला त्याच्याच वारेची कातडी लावली तर ती नुसती धरत नाही, त्याच्याबरोबर वाढते. ओवीला हवी होती ती नेमकी अशी कातडी. पण ओवीची वार चार वर्षांपूर्वी राख झालेली. राहता राहिली दुसऱ्या कुणाची पट्टी, आणि तिच्या किमतीत मासाळवस्तीवरची सगळी मेंढरं गेली असती. शहरातल्या बायका लेखी संमतीनं वार दान करतात, तिच्यावर फार खर्च होतो, असं कंपनी सांगे. बाईंनी सवलतीसाठी पत्र लिहिलं होतं. फार नम्र भाषेत नकार आला.

"वजन जुळावं लागतं, सारिका," बाई शेवटी म्हणाल्या, आणि आपण हे म्हणालो म्हणजे निम्मं कबूल केलं, हे त्यांच्या लक्षात आलं. "पिशवी रिकामी गेली तर मंडळाला लगेच कळतं."

सारिकानं लगेच विचारलं, "वजनच पायजे न्हवं? आमची बांडी शेळी सकाळी व्याली. तिची वार आजून पाटीखाली झाकून ठिवल्याली हाय."

बाईंना आधी हसू आलं. मग हसू गेलं आणि विचार तेवढा राहिला. आगीला काय, शेळी आणि माणूस सारखंच. राखेत कुणाचीच ओळख उरत नाही. कुणाला इजा नाही, कुठं घाण नाही. एका म्हातारीच्या मनाला शांतता मिळत असेल तर मिळो. म्हातारी कसली, सारिका त्यांच्याहून लहानच होती, पण दुःखानं माणूस म्हातारं होतं.

दुपारी समृद्धीला मुलगा झाला. त्याची वार मडक्यात घालून सारिका घरी गेली आणि तिनं ती न्हाणीपाशी हळदकुंकवात पुरली. पिवळ्या पिशवीत तिनं आणून दिलेली शेळीची वार गेली. मोहोर बसली, वजन जुळलं, चिपनं हिरवा दिवा दाखवला. संध्याकाळी घार आली आणि पिशवी घेऊन गेली. आयुष्यभर हातमोज्यांच्या रंगावरून माणसं रडवणाऱ्या बाईनं नियम मोडला होता, आणि त्या संध्याकाळी त्यांना चहा गोड लागला नाही.

महिन्याभरानं नोटीस आली ती मंडळाची.

"आपल्या आस्थापनेतून प्राप्त झालेल्या पिवळ्या वर्गातील मोहोरबंद पिशवीतील ऊतक मानवी नसून शेळीचे असल्याचे आढळले आहे. मानवी अवयवाची बेकायदेशीर विल्हेवाट लावल्याचा संशय आहे. आपला परवाना रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सुनावणीत समक्ष करावा."

नीलांबरीबाईंनी ती वाचली आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना पहिली आली ती लाज. राग नंतरचा. आपण चोरी केली आणि पकडले गेलो, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि दिसत होता तो घाट. खडकझऱ्यातलं हे प्रसूतिगृह बंद झालं तर पुढचं घाटाखाली, जिल्ह्याच्या गावी. अडलेली बाई तिथवर पोचायची म्हणजे जीपमध्येच बाळंत व्हायची, नाहीतर व्हायचीच नाही. असले दिवस त्यांनी पाहिले होते. एका मडक्यापायी ते परत येणार होते.

रविवारी दुपारी ऋचा आली. ऋचा त्यांची एकुलती एक मुलगी, आणि कायाधारच्या प्रयोगशाळेत कातडी विणणाऱ्या शास्त्रज्ञांत होती. तिला ती नोकरी लागली तेव्हा बाईंनी सबंध पेठेत पेढे वाटले होते. आपण कचरा नीट बांधून देतो आणि मुलगी भाजलेल्यांना कातडी देते, म्हणजे घराण्याचं बरं चाललं आहे, असं त्या म्हणत.

ऋचा पाणीसुद्धा प्यायली नाही. "आई, मी एवढ्यासाठीच आलेय. तू खुलाशात लिही की काटा बिघडला होता आणि जनावरांच्या दवाखान्याची पिशवी चुकून तुझ्याकडं आली. कंपनी हरकत घेणार नाही. वरच्यांशी बोलणं झालंय. ताकीद देऊन सोडतील."

"कंपनी एवढी उदार कधीपासून झाली?"

"त्यांना हे वाढवायचं नाहीये. नोटीस कुणी मुद्दाम पाठवलेली नाही. वाचक यंत्र आहे ना, त्याला काही वेगळं सापडलं की ते आपोआप मंडळाला कळवतं. मंडळानंच तशी सक्ती केलीय. यंत्राला कुठं कळतं काय सांगायचं आणि काय नाही." ऋचानं कपाळ चोळलं. "खरं तर तुझ्यावर सगळे चिडलेत. त्या एका पिशवीनं अख्खी बॅच टाकून द्यावी लागली."

"बॅच कसली?" बाईंनी विचारलं. "भट्टीची?"



मुलगी लहानपणी खोटं बोलताना आईच्या पदराच्या टोकाशी खेळायची. आता पदर हाताशी नव्हता, तिनं बाहीचं बटण धरलं होतं. बाईंनी ते बघितलं, आणि लाज जिथं होती तिथं काहीतरी दुसरं वर यायला लागलं.

"ऋचा, शेळीची वार भट्टीत गेली असती तर ती शेळीची आहे हे कुणाला कळलं असतं?"

"आई..."

"तुमचं वाचक यंत्र राख वाचतं का?"

मग ऋचानं सांगितलं. तिनं सगळं सांगितलं, कारण ती वाईट मुलगी नव्हती. वाईट माणसं कंपनीत असतीलही, पण कंपनी चालते ती ऋचासारख्या चांगल्या माणसांवर. घारी पिशव्या आणतात. सुया, नळ्या, बोळे हे सगळं नियमानं जातं. बाळंतिणींच्या वारा मात्र भट्टीत जात नाहीत. पिशव्या उघडतात, वारा धुतात, दहा-बारा एकत्र करून त्यांच्या पेशी वाढवतात. प्रत्येक वारेचा चिमूटभर तुकडा पिशवीच्या क्रमांकासह शीतकोठीत ठेवतात. शेवटी वाचक यंत्र सगळ्या बॅचची जनुकं तपासतं. एरवी माणसाखेरीज काही निघत नाही. ह्या खेपेला शेळी निघाली, कोठीतल्या तुकड्यांवरून पिशवीचा क्रमांक निघाला, आणि यंत्रानं आपलं कर्तव्य केलं.

"आणि शहरातल्या बायकांची लेखी संमती?"

"ती आधी असायची. पुरेना. मग वकिलांनी सांगितलं, की टाकलेली वस्तू कुणाचीच नसते. कचरा ज्याच्या ताब्यात, त्याचा. आई, तूच सांग, जाळून धूर करण्यापेक्षा कुणाच्या अंगाला कातडी मिळत असेल तर वाईट काय आहे?"

"काहीच वाईट नाही," बाई म्हणाल्या. "मग मागा ना."

"काय?"

"मागा. दारात या आणि म्हणा, की बाई, तुझ्या लेकराची वार दे, एका भाजलेल्याला कातडी होईल. ह्या तालुक्यातली एक बाई नाही म्हणाली असती, तर मी नाव बदललं असतं. त्यांना फक्त विचारायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, कारण विचारलं की देणारीचा हक्क उभा राहतो. मग ती म्हणते, माझ्या पोरीला लागली तर पट्टी द्याल ना? त्यापेक्षा तिच्या पोटातलं कचरा म्हणवून घेतलेलं बरं." बाईंचा आवाज चढला नव्हता. "आणि बांधून कोण देत होतं? मी. वजन करून, मोहोर लावून, जुळलं म्हणून खूश होऊन. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. इथं राखणदारानं तळंच विकायला काढलंय, आणि मी रोज घागरी भरून देतेय."

ऋचा रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. त्याचं त्यांना पुढं बरेच दिवस वाईट वाटलं, पण त्या वेळी त्यांना जमलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ओवीच्या वारेचा तुकडाही असेल का कोठीत?"

ऋचानं डोळे पुसले. ओवी कोण, हे तिला ठाऊक होतं. आईचं सवलतीचं पत्र तिच्याच कचेरीत आलं होतं, आणि नकाराचा मसुदा तिच्या शेजारच्या टेबलावर तयार झाला होता. "असेल. कोठी कंपनी सुरू झाल्यापासूनची आहे," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "आई, मी हे कधी जोडूनच बघितलं नाही गं."

"आता बघ."

"तू कबूल केलंस तर तुझं प्रसूतिगृह जाईल. माझी नोकरी जाईल. ते मला सोडणार नाहीत."

"मग तू माझ्याविरुद्ध उभी राहा. मी रागावणार नाही." त्या उठल्या. "पण काटा बिघडला होता असं मी लिहिणार नाही. माझा काटा आजवर कधी बिघडलेला नाही."

सुनावणी जिल्ह्याच्या गावी, मंडळाच्या कचेरीत होती. गवांदे नावाचे अधिकारी समोर बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त दिवसभर फायली ऐकून कंटाळलेला होता. एका बाजूला कंपनीचे वकील, त्यांच्यामागं कंपनीची दोन माणसं आणि ऋचा. दुसऱ्या बाजूला नीलांबरीबाई, सारिका, तान्ह्याला पदराखाली घेतलेली समृद्धी आणि ओवी. बाहेरच्या व्हरांड्यात खडकझऱ्याच्या बाया दोन गाड्या भरून आल्या होत्या. प्रसूतिगृह बंद करू नका, एवढंच सांगायला त्या आल्या होत्या. नव्या कायद्यानं सुनावणी खुली असते, त्यामुळं आत बोललेलं सगळं व्हरांड्यातल्या पडद्यावर दिसत होतं.

वकिलांनी सुरुवात केली ती चोराच्या उलट्या बोंबांची. कचऱ्याचे नियम म्हणजे समाजाच्या आरोग्याची भिंत आहे, ते म्हणाले. एका सुशिक्षित डॉक्टरनं अंधश्रद्धेला बळी पडून त्या भिंतीला भोक पाडावं, याचा कंपनीला खेद वाटतो. मानवी अवयव उघड्या जमिनीत पुरणं किती घातक आहे, यावरही ते बराच वेळ बोलले. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज पहाटे उठून भट्टी स्वतः पेटवतो.

"डॉक्टर, आपलं म्हणणं?" गवांदे म्हणाले.

"नोटीस खरी आहे," नीलांबरीबाई म्हणाल्या. "मी वार ह्या बाईला दिली. पिशवीत शेळीची घातली. वजन जुळावं म्हणून. काटा ठीक होता, चिप ठीक होती, मी चुकले."

वकिलांनी मान हलवली. त्यांना एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. मागं बसलेली दोन माणसं मात्र एकमेकांकडं बघू लागली. ताकीद घेऊन सुटायचं ठरलेलं असताना ही बाई कबूल का करते आहे, हे त्यांना उमगेना.

"शिक्षा द्या," बाई पुढं म्हणाल्या. "फक्त तोवर खडकझऱ्याला दुसरा डॉक्टर पाठवा, बाया अडून मरतील. आणि मला एक विचारायचं आहे. मोहोरबंद पिवळी पिशवी भट्टीत जाईपर्यंत उघडायची नाही, असाच नियम आहे ना?"

"हो," गवांदे म्हणाले.

"का?"

"जंतू बाहेर येऊ नयेत म्हणून. आणि..." ते थांबले. चांगला अधिकारी होता, वाक्याच्या मध्येच त्याला ते दिसलं. त्यांनी नोटीस पुन्हा हातात घेतली आणि पहिली ओळ परत वाचली.

"मी शेळी घातली हे मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "ह्या सारिकाला माहीत होतं. पिशवी तर जळायची होती. मग शेळी कुणी बघितली?"



"गुणवत्ता तपासणीसाठी," वकील म्हणाले, "कधीमधी, नमुना म्हणून, अपवादानं..."

"अपवादानं नाही," मागून आवाज आला. ऋचा उभी राहिली होती. तिनं बाहीचं बटण धरलेलं नव्हतं. "सगळ्या उघडतात. कायापट्टी त्यातूनच होते. मी तिथं काम करते. प्रत्येक पिशवीतला तुकडा शीतकोठीत आहे, क्रमांकासकट."

वकील वळून तिच्याकडं बघत राहिले. कंपनीच्या माणसांपैकी एकानं तिचा हात ओढायचा प्रयत्न केला, तो तिनं सोडवला. आईकडं तिनं बघितलं नाही, आणि बाईंनीही तिच्याकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर दोघींनाही बोलणं जड गेलं असतं.

गवांद्यांनी आदेश सांगायला सुरुवात केली. शेटे प्रसूतिगृहाचा परवाना तूर्त निलंबित, गुन्हा कबूल असल्यानं. सरकारी डॉक्टर उद्यापासून तिथं बसेल. कायाधारची प्रयोगशाळा आणि कोठी चौकशीसाठी मोहोरबंद. वकील उठून उभे राहिले आणि हरकती नोंदवू लागले. तेवढ्यात सारिका बोलली. 

"बाई, ही पोरगी काय म्हनली? वारा जळल्याच न्हाईत?"

"नाही जळल्या, सारिका."

"ओवीची बी?"

"ओवीचीही नाही."

सारिकानं डोळे मिटले. पोर भाजल्यापासून जी गोष्ट तिनं उरावर वागवली होती, ती घडलीच नव्हती. वार जाळू दिली म्हणून पोर भाजली, माझ्यामुळं भाजली, हे ती कुणाला न सांगता रोज स्वतःला सांगत आली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते थांबलं, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं.

"म्हंजे माझ्या नातीच्या वारेची कातडी कुनाच्या तरी अंगावर हाय," ती म्हणाली. "आन् हिचा गळा असा. तुमच्या दारात ह्या बाईनं आर्ज केला, तर तुमी न्हाई म्हनला. हिचंच हिला इकत होता, ते बी न परवडनाऱ्या भावात." तिनं ओवीला उचलून टेबलापाशी आणलं. "साहेब, त्यो तुकडा आमाला द्या. ह्या पोरीम्होरं बाकी समदं ऱ्हाऊ द्या."

"भावना समजू शकतो," वकील म्हणाले, "पण कायदेशीरदृष्ट्या तो कचरा आहे. कचरा मूळ व्यक्तीला परत देण्याची कुठल्याही नियमात तरतूद नाही."

"म्या धावी शिकल्येय, साहेब, आडानी न्हाई," सारिका म्हणाली. "कचरा आसंल, तर तुमी जाळाय पायजे हुता. जाळला न्हाई, म्हंजे कचरा न्हवता. मंग ती माझ्या नातीची हाय. दोन्हीतलं काय ते येक लिवा."

वकील कागद चाळू लागले. पहिलं लिहिलं तर तुरुंग होता, दुसरं लिहिलं तर कोठीतला एक एक तुकडा परत द्यावा लागला असता. गवांद्यांनी त्यांना पुरेसा वेळ दिला. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी सारिकाकडं हात पुढं केला.

"पोरीचा जन्मदाखला आहे का? पिशवीचा क्रमांक त्यावर असतो."

सारिकानं फोन काढला. क्रमांक ऋचानं मोठ्यानं वाचला, आणि गवांद्यांनी तो आदेशात उतरवून घेतला, की हा नमुना कुटुंबाच्या मालकीचा असून उपचारासाठी सुपूर्द करावा. ओवी अंग वळवून वळवून सगळ्यांकडं बघत होती.

शिपाई दारातून आत आला. "साहेब, बाहेरच्या बाया ऐकंनात. पडद्यावर समदं बघितलंय त्यांनी. प्रसूतिगृहाचं ऱ्हाऊ द्या म्हनत्यात. परत्येकीनं फोनवर पोराचा जन्मदाखला काढलाय."

वकील म्हणाले, हे कामकाजाबाहेरचं आहे, सुनावणी संपली आहे. गवांद्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

सारिकानं ओवीला कडेवर सारखं केलं आणि दाराकडं वळून हाक मारली.

"या गं आत, समद्याजनी. साहेब लिवून घेत्यात."